डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी कसं बदलायचं?

सहावा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडीला दहावं वर्ष लागलंय, ९४,००० किमी झालेत. टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलला आजवर कुणीही हात लावलेला नाही. सर्व्हिसला विचारलं तर "हे लाइफटाइम फिल आहे, बदलायची गरज नाही" एवढंच उत्तर मिळतं. पण गेल्या हिवाळ्यापासून सकाळी गाडी थंड असताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना एक बारीकसा धक्का जाणवतो. गाडी तापली की तो निघून जातो.

इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, कूलंट ही कामं मी वर्षानुवर्षं घरीच करतो, हत्यारं आहेत, हात बसलेला आहे. अडचण एकच: या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. इंजिन ऑइलला काडी बाहेर काढा, पुसा, परत घाला, बघा, विषय संपला. इथे खाली वाकून पाहिलं तर फक्त एक षटकोनी खाचेचा प्लग दिसतो आणि बाजूला वर आणखी एक मोठा प्लग. ऑइल आत किती आहे, किती घालायचं आणि पुरेसं झालं हे ओळखायचं कसं? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर लिहा.

दुचाकीस्वार

माझ्याकडे ऑटोमॅटिक नाही, पण हा धागा शेवटपर्यंत वाचणार. बसलो.

शंकासुर

मी स्पष्टच सांगतो, हात लावू नका. आमच्या नात्यातल्या एकाने २ लाख किमी झालेल्या गाडीत नवीन ऑइल घातलं आणि महिन्याभरात गिअरबॉक्सने मान टाकली. जुन्या ऑइलमध्ये क्लच प्लेटांची झीज मिसळलेली असते, त्याच्याच जोरावर प्लेटा पकड धरून असतात. नवीन ऑइल घातलं की ती पकड जाते. चालतंय तोवर चालू द्यावं.

तेलकट_बाही

धागाकर्ते, तुम्ही जे दोन प्लग पाहिलेत तीच तुमची डिपस्टिक आहे. कसं ते सांगतो.

खालचा षटकोनी खाचेचा प्लग काढला की आत लगेच मोकळं भोक नसतं. तिथे पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उभी राहिलेली एक छोटी नळी असते. टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, अगदी तसंच. ऑइलची पातळी नळीच्या वरच्या तोंडापेक्षा जास्त असेल तर जास्तीचं ऑइल नळीतून खाली गळतं. पातळी नळीच्या तोंडाशी आली की गळणं थांबतं. नळीची उंची कारखान्यातच नेमकी ठरवलेली असते. म्हणजे मोजमाप गाडीतच बसवलेलं आहे, आपल्याला फक्त ते वापरायचंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीवर लिहून ठेवा: आधी भरण्याचा प्लग सोडवायचा, मग काढण्याचा. वरचा प्लग वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, ॲल्युमिनियमच्या आट्यांत घट्ट बसलेला असतो. खालून ऑइल काढून टाकलं आणि नंतर वरचा प्लग हललाच नाही, किंवा त्याची खाच गोल झाली, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. म्हणून वरचा प्लग पाव फेरा तरी फिरला याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला हातही लावायचा नाही.

पुढचा क्रम असा. खालचा प्लग काढला की नळीच्या वर असेल तेवढंच ऑइल येईल, कधी पाऊण कप, कधी काहीच नाही. तिथे फसू नका, "ऑइलच नाही" असं वाटतं. मग आतली नळी ॲलन कीने सोडवायची, तेव्हा पॅनमधलं सगळं ऑइल धो धो येतं. ट्रे आधीच खाली ठेवा आणि मनगट बाजूला. गळणं थांबलं की नळी परत बसवायची, अगदी हलक्या हाताने, काही गाड्यांत ती प्लास्टिकची असते. मग वरच्या प्लगच्या भोकात पारदर्शक पाइप खुपसायचा, दुसरं टोक बॉनेटमधून वर आणून नरसाळं लावायचं आणि ओतत राहायचं. खालच्या नळीतून गळायला लागलं की थांबायचं आणि खालचा प्लग हलकेच लावायचा.

ही झाली कच्ची पातळी. इंजिन बंद आहे म्हणून ती खोटी आहे. इंजिन सुरू केलं की पंप ऑइल ओढून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाहिन्यांमध्ये भरतो, पॅनमधली पातळी खाली जाते. म्हणून इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, पी-आर-एन-डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत लिव्हर फिरवायचा, परत पी. मग ऑइलचं तापमान ठरलेल्या टप्प्यात आलं की इंजिन चालूच ठेवून खालचा प्लग परत काढायचा. धार आली तर ती बारीक होत थेंबांवर येईपर्यंत वाट पाहायची आणि प्लग लावायचा. काहीच आलं नाही तर वरून आणखी घालायचं, धार लागेपर्यंत.

तापमानाचा टप्पा प्रत्येक गिअरबॉक्सचा वेगळा. बऱ्याच सहा गिअरवाल्यांचा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

दुचाकीस्वार

हे वाचून मलाच गाडीखाली शिरावंसं वाटायला लागलं.

निळी_हॅचबॅक

तेलकट_बाही, माहिती छान. पण इतकं सगळं करायची गरज आहे का? मी दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं केलं तेव्हा साधी पद्धत वापरली. पॅन खोलला, फिल्टर बदलला, निघालेलं ऑइल रात्रभर गार होऊ दिलं, दुसऱ्या दिवशी मापाच्या बाटल्यांत भरून मोजलं आणि तेवढंच नवीन घातलं. जितकं निघालं तितकं घातलं, मग पातळी चुकेल कशी? स्कॅनर नाही, तापमान नाही, चालू इंजिनखाली झोपणं नाही. गाडी आजही व्यवस्थित चालतेय.

गिअरबॉक्सवाला

अठरा वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून बसवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शंकासुर यांचा मुद्दा, कारण तो सगळीकडे ऐकायला मिळतो. लोक गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलतात? गिअर घसरायला लागल्यावर. म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर आधीच जळून गेलेलं असतं. मग ऑइल बदलतात, महिन्याभरात व्हायचं ते होतं आणि नाव ऑइलचं होतं. माझ्याकडे असे जे गिअरबॉक्स उघडायला आले, त्यांत प्लेटा कागदासारख्या झालेल्या होत्या. ते महिन्याभराचं काम नव्हतं, वर्षांचं होतं. तरी एक गोष्ट मान्य: गाडी घसरत असेल, ऑइल काळं असेल, जळका वास येत असेल, तर नवीन ऑइलने ती बरी होणार नाही. तिथे पैसे आणि मेहनत घालवू नये. धागाकर्त्यांची गाडी त्या अवस्थेत दिसत नाही. थंडीत बारीक धक्का आणि तापल्यावर ठीक, ही ऑइल बदलायची योग्य वेळ आहे.

"लाइफटाइम" बद्दल: झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किमीला, किंवा फार तर ८ वर्षांनी ऑइल बदला. त्याच कंपनीचे गिअरबॉक्स बसवलेल्या कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तकात मात्र ऑइल बदलायचा उल्लेखच नसतो. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा, मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

आता निळी_हॅचबॅक. तुमची पद्धत वेडीवाकडी नाही. गार करून मोजलंत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण गरम ऑइल मोजतात आणि थंड घालतात. पण त्यात दोन भोकं आहेत. पहिलं, आधीची पातळी बरोबर होती असं तुम्ही गृहीत धरलंत. गाडीचं एखादं सील थोडं थोडं झिरपत असेल तर पातळी आधीच कमी असते आणि तुम्ही ती चूक जशीच्या तशी परत भरता. दुसरं, जुन्या फिल्टरच्या पोटात बरंच ऑइल अडकून राहतं. तो फिल्टर तुम्ही निथळून मोजला का?

पातळी कमी असली की वळणावर किंवा चढावर पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो, क्लच अर्धवट पकडतो आणि जळतो. जास्त असली की फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेसात दाब टिकत नाही. म्हणजे जास्त घातलं तरी लक्षण तेच, घसरणं. इंजिनात अर्धा लिटर इकडेतिकडे खपून जातं, इथे नाही.

निळी_हॅचबॅक

फिल्टर तसाच पिशवीत घालून टाकला होता. हा विचार केला नव्हता. वाचतेय.

रासायनिक

तापमानाचं एवढं का, यावर थोडं. गिअरबॉक्सचं ऑइल तापलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के फुगतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. आता साडेसहा लिटरचा गिअरबॉक्स धरा आणि ऑइल ३० वरून ८० अंशांवर न्या. पाव लिटरचा फरक पडतो. ८० अंशांवर नळीतून गळणं थांबेपर्यंत वाट पाहिली तर थंड झाल्यावर पातळी तेवढी कमी. २० अंशांवर तपासली तर उलट, जास्त.

दुसरा हिशेब. खालून काढलं तर सगळं ऑइल कधीच निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टर आणि वाहिन्यांतलं आतच राहतं. साडेसहापैकी तीन लिटर निघालं असं समजू. एकदा बदललं की आत ४६ टक्के नवीन. काही दिवस चालवून परत तेवढंच बदललं की ७१ टक्के. तिसऱ्यांदा ८४. चौथ्यांदा करून फारसा फायदा नाही, हे आकड्यांतच दिसतं.

आणि ऑइल निवडताना रंगावर जाऊ नका. लाल रंग हा फक्त गळती कुठून होतेय ते ओळखता यावं म्हणून घातलेला असतो. दोन लाल ऑइलांचा दाटपणा आणि घर्षणाचे गुण पूर्ण वेगळे असू शकतात. डेक्सरॉन सहा, मर्कॉन एलव्ही, टोयोटा डब्ल्यूएस, जे मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच स्पेसिफिकेशन. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकांचं ऑइल तर निराळीच जात आहे, ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात चालत नाही आणि उलटही नाही.

अवांतरप्रेमी

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला, मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो. त्या कंपनीने १९४९ मध्ये ऑटोमॅटिकसाठी 'टाइप ए' हे ऑइल आणलं. त्या काळच्या या ऑइलांमध्ये क्लचची पकड गुळगुळीत व्हावी म्हणून काय मिसळत असत? स्पर्म व्हेल माशाचं तेल! माशाचं म्हटलं खरं, व्हेल मासा नाही हे माहीत आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधत बसावं लागलं. आपण गिअर बदलताना धक्का लागू नये म्हणून समुद्रात केवढाले जीव मारले जात होते, हे कळलं तेव्हा मी खूप वेळ त्याच विचारात होतो.

दुचाकीस्वार

बाप रे. हे खरंच माहीत नव्हतं.

जुनाट_सेडान

माझ्या गाडीत आणखी निराळा प्रकार. मर्सिडीजचा ७२२.६ गिअरबॉक्स. यात डिपस्टिकची नळी आहे, झाकण आहे, पण आत काडी नाही! झाकणावर सुरक्षा पिन असते, ती तोडून झाकण काढायचं आणि वर्कशॉपमधली लांब मोजकाडी आत घालायची. ती काडी वेगळी विकत मिळते, मी घेतली. तिच्यावर २५ आणि ८० अंशांच्या खुणा आहेत, खरी पातळी ८० लाच बघायची. भरायचंही त्याच नळीतून, त्यामुळे खाली झोपून पंप मारावा लागत नाही. त्यानंतरच्या ७२२.९ मध्ये मात्र वर लिहिलंय तशी पॅनमध्ये उभी नळी आली आणि तापमान ४५ अंश.

धागाकर्ते, "डिपस्टिक नाही" यात इतके प्रकार आहेत. त्यामुळे आधी आपला गिअरबॉक्स कोणता ते नेमकं शोधा. गाडीचं नाव पुरत नाही, एकाच गाडीत वर्षाप्रमाणे वेगळे बसवलेले असतात. गिअरबॉक्सवरची पट्टी वाचा.

सहावा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पट्टी वाचली, मॅन्युअल मिळवलं. माझा प्रकार नळीचाच, तापमान ३५ ते ४५. वरचा प्लग काल संध्याकाळी पाव फेरा फिरवून ठेवला, त्यासाठी पान्याला पाइपची लांबी जोडावी लागली.

आता प्रश्न तापमान मोजण्याचा. लेझरचा थर्मामीटर आहे. पॅनवर धरला तर चालेल का?

तेलकट_बाही

नाही. तो पॅनच्या पत्र्याचं तापमान सांगतो, आतल्या ऑइलचं नाही. बाहेरून हवा लागत असते, पत्रा कमी दाखवतो आणि तुम्ही ऑइल जास्त तापू देता. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) लावायचा साधा ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि मोबाइलवर ॲप घ्या, पण ते ॲप तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तापमान वाचतं का ते आधी तपासा. काही ॲप फक्त इंजिनच्या पाण्याचं दाखवतात, आणि तो आकडा निराळा.

गिअरबॉक्सवाला

टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत स्कॅनरशिवायही सोय आहे. ओबीडी सॉकेटमधल्या ४ आणि १३ नंबरच्या पिना वायरने जोडल्या आणि ठरलेल्या पद्धतीने लिव्हर एन आणि डी मध्ये हलवला की गाडी तापमान-तपासणीत जाते. डॅशबोर्डवरचा डी दिवा मग थर्मामीटरचं काम करतो: विझलेला म्हणजे थंड, स्थिर पेटलेला म्हणजे बरोबर, लुकलुकला म्हणजे जास्त तापलं. पण पिना मोजताना चूक नको. १६ नंबरला बॅटरीचा थेट करंट असतो, तिथे वायर लागली तर नुकसान होईल. हात थरथरत असेल तर ॲपच बरं.

पाणसळ

एक गोष्ट कुणीच ठासून सांगितली नाही म्हणून लिहितो. गाडी सपाट हवी. पुढची दोन चाकं रॅम्पवर चढवून मागची जमिनीवर ठेवली तर ऑइल एका बाजूला झुकतं आणि नळी खोटं सांगते. चारही चाकं सारखी उचला, चार जॅकस्टँड लावा आणि गाडीच्या कडेच्या उंबऱ्याच्या पट्टीवर गवंड्याची पाणसळ धरून बुडबुडा मध्ये आहे का ते बघा. पुढेमागेही बघा, आडवंही बघा. जमिनीवर उभ्या असतानाही काही गाड्या पुढून किंचित झुकलेल्या असतात, त्यामुळे मॅन्युअल कोणती जागा सपाट धरायला सांगतं ते वाचून घ्या. सगळ्यात उत्तम म्हणजे कुणाकडे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा असेल तर तिथे. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, प्रश्नच मिटतो.

शंकासुर

ऑइलचं राहू द्या, गिअरबॉक्सवाला यांचं उत्तर पटलं. आमच्या त्या नातेवाइकाला विचारलं, ऑइल बदलायच्या आधी चार महिने गाडी घसरतच होती, हे त्याने आता सांगितलं. पण मला दुसरीच काळजी वाटतेय. इंजिन चालू, गाडी हवेत, माणूस खाली आणि वर कुणीतरी गिअर फिरवतंय? डी मध्ये टाकलं की चाकं फिरणार ना?

तेलकट_बाही

शंकासुर, हे बोललात ते फार बरं केलंत. हो, चाकं फिरतात. म्हणून:

लिव्हर फिरवताना खाली कुणीही नको. गाडीत दुसरा माणूस, पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक ओढलेला. लिव्हर परत पी मध्ये आला, आतल्याने मोठ्याने "पी" म्हटलं, मगच खालचा माणूस आत सरकणार. स्टँडवर ठेवल्यावर गाडी आधी हाताने जोरात हलवून पाहायची, हलली तर परत लावायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच नाही. काम उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवत बसायचं नाही. सायलेन्सरचा पाइप आणि पट्टे कुठे आहेत ते इंजिन बंद असतानाच पाहून ठेवायचं, सैल बाही दुमडून घ्यायची. माझं हे नाव एकदा अशाच लोंबत्या बाहीवरून पडलंय, तेव्हा फक्त ऑइल लागलं, पट्ट्यात अडकली असती तर हात गेला असता.

शंकासुर

आता हरकत नाही. धागाकर्ते, करा.

सहावा_गिअर

केलं! सगळं लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चार स्टँडवर घेतली. मागचं डावं थोडं खाली निघालं, पाणसळीने कळलं, लाकडाची फळी घातली. खालचा प्लग काढला, एक थेंबही आला नाही. तेलकट_बाहींनी सांगून ठेवलं नसतं तर पोटात गोळा आला असता. आतली नळी सोडवली आणि ऑइल आलं. रंग गर्द तपकिरी, उजेडात धरलं तर कडेला लालसर झाक. जळका वास नाही. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता, बोटावर घासला तर शाईसारखा पसरला, कुठेही कण टोचला नाही.

निघालेलं मोजलं: २.९ लिटर. नळी बसवली, वरून पाइप लावून भरायला घेतलं. ऑइल दाट, पाइप लांब, एक लिटर उतरायला दहा मिनिटं. नळीतून गळायला लागलं तेव्हा प्लग लावला. भाऊ गाडीत बसला, इंजिन सुरू, लिव्हर फिरवला, "पी" असं ओरडला. ॲपवर २७ अंश.

मग वाट बघणं. ३१, ३३, ३५. ३७ ला खाली सरकून प्लग काढला आणि काहीच नाही. भावाने वरून ओतलं, अजून ओतलं, शेवटी पेन्सिलीएवढी धार लागली. तोवर ४३ झाले होते. मी ट्रेच्या कडेला डोकं टेकवून बघत होतो. धार बारीक झाली, दोऱ्यासारखी झाली, मग तुटली आणि टप, टप, टप. ४४ ला नवीन वॉशर लावून प्लग आवळला, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. इंजिन बंद केलं, वरचा प्लगही नवीन वॉशर लावून आवळला.

शेवटी हिशेब केला. ओतलेल्यातून ट्रेमध्ये गळून आलेलं वजा केलं तर आत गेलं ३.३ लिटर. निघालं होतं २.९!

गाडी वीस किमी फिरवून आणली. सकाळच्या थंडीत धक्का आहे का नाही ते उद्या सांगतो.

गिअरबॉक्सवाला

उत्तम काम. मऊ लेप ही नेहमीची झीज, चिंता नको. चमकणारे तुकडे किंवा सुईसारखे कण असते तर मी थांबायला सांगितलं असतं.

पण ४०० मिली कमी होतं म्हणजे ते कुठूनतरी गेलं. ड्राइव्ह शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथली सीलं बघा, दोन्ही बाजूंची. आणि पुढचं ऑइल हजार-दोन हजार किमी चालवून बदला, तेव्हा पातळी परत कळेल.

सहावा_गिअर

पाहिलं. उजव्या बाजूच्या सीलखाली तळहाताएवढा काळा डाग, त्यावर धूळ चिकटून पुटं चढलेली. थेंब पडत नाही म्हणून कधी जमिनीवर दिसलं नाही. सील मागवलंय. ते बसवतानाच दुसऱ्यांदा ऑइल बदलतो.

सकाळचा धक्का: आज जवळपास नाही. लक्ष देऊन बसलो होतो म्हणून किंचित जाणवला, बायकोला जाणवला नाही.

निघालेलं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवलंय, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे देणार.

अवांतरप्रेमी

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी मनावर घ्या. गटारात किंवा मातीत ओतू नका. समुद्राचं आधीच बरंच देणं लागतो आपण.

निळी_हॅचबॅक

धागा वाचून झोप लागेना. २.९ आणि ३.३ चा हिशेब डोक्यातून जाईना, आणि तो पिशवीत टाकलेला फिल्टर. आज ॲडॉप्टर मागवून घेतला, दादाला गाडीत बसवलं आणि ४० अंशांवर प्लग काढला. एक थेंबही आला नाही. धार लागेपर्यंत २५० मिली घालावं लागलं. दोन वर्षं गाडी तेवढ्या कमी ऑइलवर चालवली मी.

गिअरबॉक्सवाला

वेळेत तपासलंत. प्लगवरच्या चुंबकाचा फोटो टाका, कसा दिसतो ते बघू.

निळी_हॅचबॅक

टाकला. करडा लेप आहे, मऊ. तुकडे नाहीत.

गिअरबॉक्सवाला

मग निर्धास्त चालवा.